दादांचा माळ

हैदराबादेतील मराठी घरांना बासर हे नाव नव्याने सांगावयास नको. काचीगुड्याहून मनमाडकडे निघालेली गाडी निजामाबाद मागे टाकते, गोदावरीच्या पुलावर चाकांचा आवाज बदलतो, डब्यातील वडीलधारी मंडळी खिडकीतून नदीत नाणे सोडून हात जोडतात, आणि पूल सरला की बासर येते. ज्ञानसरस्वतीच्या या स्थानी मुलाच्या हाती पहिल्यांदा पाटी द्यावयाची, ही आमच्या घराची तीन पिढ्यांची रीत आहे. आमचे थोरले बंधू, ज्यांना सारे घर दादा म्हणे, त्यांनी येथेच पहिले अक्षर गिरविले. चार वर्षांनी आम्हीही.

बासरशी आमचे दुसरे नाते जमिनीचे. गावापासून थोड्या अंतरावर, मुधोळच्या अंगाला, आमचा सात एकरांचा माळ आहे. आजोबांच्या काळी हा मुलूख नांदेड जिल्ह्यात मोडत असे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे आदिलाबाद जिल्ह्यात गेली; शेजारचे धर्माबाद नांदेडातच राहिले. आजोबा म्हणत, "आपण जागचे हललो नाही, प्रांतच हलला." २०१६ पासून बासर निर्मल जिल्ह्यात आहे. नकाशे असे बदलले. माळ मात्र होता तेथेच आणि होता तसाच राहिला. तेथे ज्वारी कधी पिकली नाही, विहीर खणली तर खडक लागला. सातबाऱ्याच्या भाषेत ती पडीक जमीन, आणि आमच्या घराच्या भाषेतही.

दादांनी उभी हयात शाळेत भूगोल शिकविला. घराच्या ओसरीवर त्यांनी आफ्रिका खंडाचा मोठा नकाशा टांगला होता. त्याच्या मध्यभागी गर्द हिरवा पट्टा, त्याला वेढून पिवळसर गवताचा प्रदेश आणि वर वाळवंट. त्यांचा मुलगा, आमचा पुतण्या, त्या नकाशाखालीच वाढला. पुढे तो वनशास्त्र शिकला, परदेशी गेला, आणि संगणकावर आफ्रिकेतील वने आणि गवताळ प्रदेश यांची गणिते मांडू लागला. तो नेमके काय करतो हे आम्हांस कधी नीट उमगले नव्हते. कोणी विचारले तर आम्ही अभिमानाने सांगत असू, "आमचा पुतण्या जंगले वाचवितो."

गेल्या वर्षी पौषात दादा गेले. यंदाच्या वर्षश्राद्धाला सारे गणगोत जमले असता कोणी तरी सुचविले की दादांच्या नावाने माळावर एक हजार एक झाडे लावावीत. प्रत्येकाने आपापला वाटा तेथल्या तेथे बोलून दाखविला. नावाची पाटी कशी असावी, इथपर्यंत बोलणे गेले. वर्षभर मिटलेल्या वहिनींच्या चेहऱ्यावर त्या दुपारी प्रथमच समाधान दिसले. पुतण्या कोपऱ्यात बसून ऐकत होता. मंडळी उठल्यावर तो आमच्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "काका, त्या माळावर झाडं लावू नयेत."

आम्ही अवाक् झालो. वनशास्त्र शिकलेल्या मुलाने, तेही स्वतःच्या बापाच्या स्मृतीसाठी लावावयाच्या झाडांविषयी, असे बोलावे! वहिनींच्या कानी ते गेलेच. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्या रात्री त्यांनी मुलाला जेवायला वाढले ते मान वर न करता.

माघातल्या वसंतपंचमीला नातीचे अक्षराभ्यास ठरलेले होते, तेव्हा हा अबोला घेऊनच आम्ही बासरला पोहोचलो. देवळात रीघ लागली होती. तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी घरे मांडीवर मुले घेऊन बसली होती. गुरुजींनी नातीचा इवला हात धरून पाटीवर अक्षर काढविले, तिने ते लगेच तळव्याने पुसून पाहिले, आणि सारे हसले. वहिनीही हसल्या. तेवढ्याने वातावरण थोडे सैल झाले, आणि संध्याकाळी धर्मशाळेच्या खोलीत त्यांनी होऊन मुलाला म्हटले, "तुझं ते यंत्र काय सांगतं, ते एकदा मला तरी दाखव."

त्याने लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर आफ्रिका आली, लहान लहान चौकोनांत विभागलेली. तो सांगू लागला. प्रत्येक चौकोनाला पाऊस किती, ऊन किती, माती कोणती, वणवा किती वर्षांनी लागतो, हे संगणकास सांगावयाचे. मग गवत कसे वाढते, झाडाचे रोप किती वर्षांत आगीच्या टप्प्याबाहेर उंच होते, सावलीत गवताचे काय होते, याचे नियम घालून द्यावयाचे, आणि संगणकाने वर्षामागून वर्ष पुढे मोजीत जावयाचे. याला गणिती प्रतिमान म्हणतात. खऱ्या रानात एक प्रयोग करावयास माणसाचा जन्म पुरत नाही. येथे एक गोष्ट बदलून शंभर वर्षे एका रात्रीत पाहता येतात. अर्थात, जे नियम घातले त्यांच्याच आधारे.

मग त्याने २००५ सालची एक गोष्ट सांगितली. दक्षिण आफ्रिकेतील विल्यम बाँड यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच प्रतिमानात साऱ्या पृथ्वीवरचा वणवा बंद करून पाहिला. वनस्पती असलेल्या भूभागापैकी दाट वनांचा वाटा २७ टक्क्यांवरून ५६ टक्क्यांवर गेला. म्हणजे जेथे आज गवत आहे, त्यांपैकी पुष्कळ जागी पाऊस वनाला पुरेसा आहे. आग आणि चरणारी जनावरे यांमुळे तेथे गवत टिकून राहिले आहे.

"मग बरंच की!" आम्ही म्हणालो. "आग थांबवावी, म्हणजे वन येईल."

"काका, सगळे प्रथम असंच म्हणतात," तो म्हणाला. "पण माणसानं जंगल जाळून सगळं गवत केलं, असं नाही. उन्हात वाढणारी ही गवतं लाखो वर्षांपूर्वी पसरली. तेव्हा आग लावायला माणूसच नव्हता, विजा होत्या. गवत आगीला भीत नाही, त्याचा जीव जमिनीखाली असतो. ते भितं सावलीला."

त्याच वर्षी आफ्रिकेतील ८५४ ठिकाणांची मोजणी एकत्र करून महेश शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले होते की वर्षाला सुमारे ६५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तेथे झाडांची दाटी पावसानेच मर्यादित राहते. त्याहून अधिक पाऊस असेल तेथे गवताळ प्रदेश टिकण्यास आग वा चराई लागते. बासरचा पाऊस या आकड्याच्या बराच वर आहे. म्हणजे आमच्या माळावर झाडे जगली असती. आणि झाडे जगली की गवत गेले असते.

पुढे त्याने टांझानियातील सेरेंगेटीची हकीगत सांगितली, आणि तीत एक शब्द असा आला की आम्ही दचकलोच. तो शब्द म्हणजे बुळकांडी. गुरांचा हा रोग १८८० नंतरच्या दशकात बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर आफ्रिकेत शिरला. त्याने गोठे रिकामे केले आणि रानातील गवे व नू नावाचे गवत खाणारे प्राणीही मारले. चरणारे तोंडच उरले नाही, म्हणून गवत माजले, ते दरसाल पेटू लागले, आणि वाढू पाहणारी रोपे जळू लागली. पुढे आसपासच्या गुरांना लस टोचली गेली व १९६० नंतर रोग हटला. १९६१ साली नू अडीच लाखांच्या आसपास होते. १९७७ च्या सुमारास ते दहा लाखांवर गेले. त्यांनी गवत खाल्ले, वणवे घटले, आणि झाडे परत वाढली. गुरांची एक लस आणि सेरेंगेटीतील झाड यांचा हा संबंध गणिताने उलगडला.

बुळकांडीने आमच्या आजोबांचा गोठा एका पंधरवड्यात रिता केला होता. ती कथा आम्ही लहानपणी चुलीपाशी ऐकली होती. २०११ साली हा रोग साऱ्या जगातून नाहीसा झाल्याची घोषणा झाली, हे आम्हांस ठाऊक होते. पण त्याच रोगाच्या येण्या-जाण्याने दूरच्या खंडात वने घटली आणि वाढली असतील, हे मनात कधी आले नव्हते.

वहिनी इतका वेळ पडद्याकडे टक लावून होत्या. त्यांनी विचारले, "एवढ्या चौकोनांत माणूस कुठे रे आहे?"

पुतण्या थांबला. "आहे, आई. पण एका आकड्यात आहे. दर चौरस किलोमीटरला किती माणसं, एवढाच."

"मग ते त्या गवताचं काय करतात, हे तुझ्या यंत्राला कोण सांगणार?"

त्याने लॅपटॉप अर्धा मिटला. "याच प्रश्नाला आम्ही सगळे अडतो," असे म्हणून त्याने गिनी देशातील किसिदुगू भागाची कथा सांगितली. तेथे गवताळ प्रदेशात प्रत्येक गावाभोवती दाट झाडीचे एकेक बेट आहे. फ्रेंच अंमलदारांनी ठरविले की पूर्वी येथे सलग अरण्य असावे, गावकऱ्यांनी ते तोडले व जाळले, आणि ही बेटे म्हणजे उरलेसुरले अवशेष. शंभर वर्षे तोच समज चालला, त्यावरच कायदे झाले, दंड झाले. पुढे जेम्स फेअरहेड आणि मेलिसा लीच यांनी १९५२ सालची विमानातून घेतलेली छायाचित्रे आणि नंतरची उपग्रहचित्रे शेजारी ठेवली, गावात राहून म्हाताऱ्यांना विचारले. तेव्हा असे निघाले की बेटे वाढली होती. जेथे गाव वसले तेथे लोकांनी गुरे बांधून, आग आवरून, माती कसून झाडी उभी केली होती. १९९६ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ज्यांनी वन वाढविले, त्यांनाच शंभर वर्षे वन बुडविणारे म्हटले गेले होते.

"म्हणजे तिथे झाडं लावणारे बरोबर होते," वहिनी म्हणाल्या.

"हो. तिथे चूक झाली ती न विचारण्याची. ती मीही करीन, जर माळावर न जाता तुम्हांला सांगत बसलो तर."

आम्हांस या वेळी आपल्याकडील एक गोष्ट आठवली. माधव गाडगीळ यांनी १९६९ साली हार्वर्डला गणिती परिसरशास्त्रात पीएच. डी. मिळविली. भारतात परतल्यावर कारवारकडील बांबू का घटतो याचा शोध त्यांनी घेतला. बांबूच्या बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी आवरण साफ करावे म्हणजे बेट फोफावते, असा तेव्हाचा शिरस्ता होता. गावकरी म्हणत, काट्यांमुळेच कोवळे कोंब वाचतात. मोजून पाहिल्यावर गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. ज्याला गणित येते त्याने गावात जाऊन विचारावे, ही रीत मराठी माणसाने घालून दिलेली आहे, असे आम्ही पुतण्याला सांगितले. त्यालाही ते ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे माळावर गेलो. माघाच्या उन्हात गवत वाळून सोन्यासारखे झाले होते. आम्ही त्याला आजवर नुसते गवत म्हणत आलो. पुतण्या वाकून एकेक काडी दाखवू लागला: ही कुसळी, ही मारवेल, ही पवन्या. मधूनमधून हिवर, बोर आणि पळस एकटे-दुकटे उभे होते. आमच्या पावलांनी तित्तिरांची जोडी फडफडत उठली.

एक म्हातारा मेंढपाळ कळप घेऊन आला. तो अर्धे तेलुगू, अर्धे मराठी बोले. झाडे लावावयाची आहेत असे ऐकून त्याने विरोध केला नाही. "लावा, जमीन तुमची," एवढेच तो म्हणाला, "फक्त मेंढरं कुठं न्यायची ते सांगा." मग त्याने काठीने शेजारच्या जमिनीकडे दाखविले. तेथे काही वर्षांपूर्वी कोणी निलगिरी लावली होती. खोडांच्या सरळ ओळी होत्या, खाली वाळलेल्या पाल्याचा थर, आणि त्यात गवताची काडी नव्हती. कळप त्या बाजूला वळलाही नाही.

परततांना पुतण्या म्हणाला, "काका, मी झाडांच्या विरुद्ध नाही. आपल्याच जुन्या जिल्ह्यात कव्वालचं सागवन आहे. २०१२ पासून ते व्याघ्रप्रकल्प आहे. तिथे तोड झाली तर मी पहिलं झाड लावीन. पण माळ म्हणजे मोडलेलं वन नव्हे." आपल्या हैदराबादेतील दूरसंवेदन केंद्राच्या साह्याने २००० सालापासून देशातील पडीक जमिनींचे नकाशासंग्रह निघाले. त्यांत झुडपी माळ हा पडीकाचाच एक प्रकार मानलेला आहे. २०१५ साली तेलंगणात हरितहारम् सुरू झाले. हिरवे आच्छादन २४ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर न्यावे, हा त्याचा संकल्प. त्याच वर्षी आफ्रिकेतील देशांनी २०३० पर्यंत दहा कोटी हेक्टर भूमी पुन्हा हिरवी करण्याचे ठरविले. हेतू सारे चांगलेच आहेत. पण एकदा एखाद्या जागेला पडीक म्हटले की तेथे आधीपासून कोण राहते हे विचारावयाचे राहून जाते, आणि ही चूक आमच्या घरानेही सत्तर वर्षे केली होती.

वहिनींचे मन मात्र संगणकाने वळले नाही, मेंढपाळानेही पुरते वळले नाही. त्यांचे माहेर महानुभाव पंथाचे. लीळाचरित्र त्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकलेले. पुतण्याने गाडीत त्यांना सांगितले की २०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोघा अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनचे जुने मराठी साहित्य आणि लोककथा धुंडाळून पश्चिम महाराष्ट्राच्या रानाचा शोध घेतला आहे. त्या वाङ्मयात ४४ रानटी वनस्पतींचे उल्लेख मिळाले आणि त्यांतील जवळजवळ दोन-तृतीयांश माळरानाच्या निघाल्या. अर्थात, माळ हे काल-परवा तोडलेले जंगल नसून निदान साडेसातशे वर्षे माळच आहेत. लीळाचरित्रातील तरटीचे झाड हे त्यांच्या साक्षींपैकी एक.

"हा अभ्यास बासरचा नाही," त्याने लगेच पुस्ती जोडली. "इथलं इथे तपासायला हवं."

वहिनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. पुलावर गाडी आल्यावर त्यांनी नाणे सोडले, हात जोडले, आणि म्हणाल्या, "तरटी आमच्या माहेरी बांधावर होती. तिला कुणी झाड म्हणून मोजलंच नाही."

गणगोताला ठराव बदलल्याचे कळविणे आमच्या वाट्यास आले. ते सोपे गेले नाही. कोणी म्हणाले, पैसे वाचविण्याची ही नवी युक्ती. कोणी म्हणाले, मुलगा परदेशी शिकला की बापाची आठवणही त्याला हिशेबाने लागते. हे बोल वहिनींच्या कानी गेले, आणि पुतण्याच्याही. आम्ही गावातील शाळेच्या आवारात, जेथे मुले उन्हात डबे खातात, कडुनिंब, चिंच आणि आंब्याची मिळून अकरा झाडे लावली. हजाराची अकरा झाली, असे लोक अजूनही हसतात. माळावर पुतण्याने चार ठिकाणी खुंट्या रोवून ठेवल्या आहेत. दर पावसाळ्याअखेर तेथले गवत मोजावयाचे आणि आकडे त्याला धाडावयाचे, हे काम शाळेतील एका शिक्षकांनी आपण होऊन अंगावर घेतले आहे. पाचेक वर्षांत काय ते दिसेल. आपले म्हणणे चुकले तर तसे सांगेन, असे त्याने आईला वचन दिले आहे.

श्रावणात वहिनी आमच्याबरोबर पुन्हा माळावर आल्या. गवत गुडघाभर हिरवे झाले होते, त्यात बारीक निळी-पिवळी फुले होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाल्या, "भावोजी, नावाची पाटी तेवढी राहिली."

मेंढपाळ जवळच होता. पाटी म्हणजे कसली, हे त्याने आम्हांस विचारले. आम्ही सांगितले. तो म्हणाला, पाटी कशाला? आम्ही या जागेला पहिल्यापासून 'पंतुलुगारि बीडु'च म्हणतो. पंतुलु म्हणजे मास्तर. मास्तरांचा माळ. दादा दर उन्हाळ्यात येथे येऊन बसत, त्याच्याशी बोलत, कोणते गवत कोठे उगवते ते विचारीत, आणि मेंढरांना कधी मज्जाव करीत नसत, हे आम्हांस त्याच्याकडूनच प्रथम कळले.

वहिनी खाली गवतातच बसल्या. आम्ही कळप पुढे सरकेपर्यंत थांबलो. मग गाडीची वेळ झाली.